गार्ड पुन्हा फुटला: डाऊन सिंड्रोम असलेल्या रुग्णाचं दात खाणं थांबत नाही तेव्हा

ही तक्रार जवळपास नेहमी एकाच वाटेने येते. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल किंवा तरुण रात्री इतक्या जोरात दात खातो की शेजारच्या खोलीत करकर ऐकू येते. मऊ नाईट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं आवरण) करून दिला जातो, तो दोन-तीन महिन्यांत दाढांपाशी फाटतो. मग जाड गार्ड, तोही फाटतो. मग कडक ॲक्रिलिकचा, तो मधोमध तडकतो. तोवर दात आणखी झिजलेले असतात आणि आई सांगते की हल्ली घोरणंही वाढलंय.

चौथा गार्ड करण्याआधी थांबा. या रुग्णांत झिजलेल्या दातांपेक्षा चुकीच्या वेळी दिलेला गार्ड जास्त धोकादायक ठरू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी श्वास, मग आम्ल, मग दुखणं आणि औषधं, आणि सगळ्यात शेवटी गार्ड. हे लिखाण मुख्यतः तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी आहे. पालकांनाही ते उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न केला आहे.

दोन समजुती आधी बाजूला काढू. पहिली, ‘पक्के दात आले की जाईल’. इतर मुलांत बहुतेकदा तसं होतं. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र दात खाणं अनेकदा मोठेपणीही टिकतं, म्हणून नुसती वाट पाहण्यात वर्षं जातात. दुसरी, ‘दात खातो म्हणजे जंत झाले’. दवाखान्यात येईपर्यंत घरी दोन-तीनदा जंताची गोळी देऊन झालेली असते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी (४०० मिलीग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी) जंतांसाठी जरूर द्यावी. दात खाणं थांबेल या आशेने अधेमधे जादा डोस मात्र देऊ नयेत.

आधी श्वास

डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो आणि वरचा जबडा अरुंद. जीभ त्या मानाने मोठी पडते, स्नायू सैल असतात, टॉन्सिल आणि ॲडिनॉइडला (नाकामागच्या गाठींना) जागा कमी असते. झोपेत श्वासाची वाट बंद पडणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, या मुलांत निम्म्याहून अधिक जणांत आढळतो. श्वास अडला की झोप अर्धवट मोडते, आणि अशा मोडलेल्या झोपेत जबड्याचे स्नायू काम करू लागतात. प्रत्येक वेळी दात खाण्याचं कारण हेच असतं असं नाही, पण चुकवलं तर सर्वात महाग पडणारं कारण हेच.

पालकांना ‘घोरतो का?’ एवढंच विचारून भागत नाही. नेमकं विचारा. श्वास मध्येच थांबून मग दचकून सुरू होतो का? मान मागे टाकून झोपतो का? बसल्या बसल्या पायांवर पुढे वाकून झोपतो का? उशी घामाने भिजते का? अंथरूण ओलं होणं थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं का? सकाळी उठल्यावर चिडचिड होते का?

त्यांना मोबाईलवर दोन चित्रफिती घ्यायला सांगा, प्रत्येकी दहा मिनिटांच्या: एक झोप लागल्यावर तास-दीड तासाने, दुसरी पहाटे चार-पाचच्या सुमारास. अंगातला सदरा वर करून छाती-पोट दिसू द्यावं, पंखा बंद असावा, आवाज नीट यावा. पहाटेची फीत विसरू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि मुलांत श्वास तेव्हाच जास्त अडतो. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत खेचली जात असेल, छाती आणि पोट उलटसुलट हलत असेल, तर ती फीत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

फितीत काही दिसलं नाही म्हणून श्वास ठीक आहे असंही धरू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस अशी आहे की डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची वयाच्या ३ ते ४ वर्षांदरम्यान झोपेची तपासणी (स्लीप स्टडी) व्हावी, लक्षणं असोत वा नसोत; कारण घरच्यांच्या सांगण्यावरून या मुलांत अंदाज नीट बांधता येत नाही. टॉन्सिल-ॲडिनॉइडची शस्त्रक्रिया झालेली असली तरी प्रश्न मिटला असं समजू नका. या मुलांत शस्त्रक्रियेनंतरही ॲप्निया अनेकदा उरतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

गार्डचा इथे थेट संबंध आहे. गार्डने दातांमध्ये अंतर पडतं, खालचा जबडा थोडा खाली आणि मागे फिरतो, जीभ त्याच्यासोबत मागे जाते. वरच्या जबड्याचा गार्ड असेल तर जिभेची आधीच कमी असलेली जागा आणखी घटते. वरच्या गार्डने काही प्रौढ रुग्णांत ॲप्निया वाढल्याचं नोंदलेलं आहे. म्हणून श्वासाची शंका असेल तर झोपेची तपासणी होईपर्यंत रात्रीचा गार्ड नाही. आधी दिलेला असेल आणि घोरणं वाढलं असेल, तर तो आजच रात्रीपासून काढून ठेवा.

झीज घासण्याची की आम्लाची?

या रुग्णांत आम्ल वर येण्याचा त्रास बराच आढळतो, आणि आम्लाने मऊ पडलेला दात घासला की झीज कैक पटीने पुढे सरकते. तोंडात पाहून बराचसा फरक ओळखता येतो. घासण्याची झीज सपाट, चकचकीत असते आणि समोरच्या दाताच्या झिजेशी तंतोतंत जुळते. आम्लाची झीज जुळत नाही. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात, आणि जुना भराव (फिलिंग) आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उभा राहिलेला दिसतो. ही शेवटची खूण दिसली तर आम्लाबद्दल फारशी शंका उरत नाही.

एक गफलत नेहमी होते. या रुग्णांत खालचा जबडा पुढे आणि पुढचे दात उलटे बसणं नेहमीचं आहे. अशा चाव्यात वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची बाजू खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूवर घासली जाते. ती झीज पाहून ‘लिंबू फार खातो का?’ असं विचारलं जातं. दात मिटवून पाहा: खुणा एकमेकींवर बसत असतील तर ती घासण्याची आहे.

रात्रीचा खोकला, सकाळी तोंडाला किंवा उशीला आंबट वास, जेवणाला नकार, वारंवार छाती भरणं, यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या. घरी एवढं करता येतं: रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास, संध्याकाळनंतर लिंबू सरबत, कोकम, चिंचेचं काही, कोला बंद, उलटी झाल्यावर लगेच ब्रश नाही. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने करावा. चूळ थुंकता येत नसेल तर ओल्या गॉझने दात पुसून घ्या.

अचानक सुरू झालं किंवा अचानक वाढलं

वर्षानुवर्षं तेवढंच असलेलं दात खाणं महिन्याभरात दुप्पट झालं, तर दुखणं शोधा. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीला वेदना होतेच. ती सांगायला उशीर लागतो, आणि नेमकी जागा दाखवता येत नाही. कान आधी तपासून घ्या, कारण कानात पाणी साठणं आणि कान फुटणं या मुलांत फार होतं. मग किडलेली दाढ, हिरडीखालचा गळू, येऊ घातलेला दात. आठ-पंधरा दिवसांत नवा भराव किंवा कॅप झाली असेल तर ती उंच राहिली आहे का ते दात कोरडे करून चावा तपासायच्या रंगीत कागदाने पाहा. उंच असेल तर तेवढीच घासा. चावा ‘सारखा’ करण्यासाठी धड दातांची टोकं कापत सुटू नका. त्याने दात खाणं थांबत नाही आणि कापलेलं परत येत नाही.

औषधांची यादी हातात घेऊन वाचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी उदासीनता-चिंतेवरची औषधं, मेथिलफेनिडेट, रिस्पेरिडोन यांच्यामुळे दात खाणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. सुरुवातीची किंवा डोस वाढवल्याची तारीख आणि दात खाणं वाढल्याची तारीख शेजारी लिहा, आणि तो कागद औषध देणाऱ्या डॉक्टरांना पाठवा. पालकांनी औषध आपणहून बंद करू नये, आणि दंतवैद्यानेही ते करायला सांगू नये.

दिवसा दात खातो

दिवसाचं वेगळं प्रकरण आहे. ते जागेपणी, बहुधा कंटाळा, गोंगाट, उत्साह किंवा वाट पाहणं यांत होतं. जबड्यावरचा दाब त्या व्यक्तीला बरा वाटतो. सात दिवस वही ठेवा: केव्हा, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ, आणि घरच्यांनी काय केलं. बऱ्याच घरी शेवटच्या रकान्यातच उत्तर सापडतं. ‘दात खाऊ नकोस!’ असं दरवेळी ओरडलं की प्रत्येक वेळी लक्ष मिळतं, आणि सवय पक्की होते. न ओरडता हाताला किंवा तोंडाला दुसरं काम द्या.

चावायची नळी द्यायची तर अन्नासाठी चालणाऱ्या सिलिकॉनची, एकसंध, आणि पूर्ण तोंडात जाणार नाही इतकी मोठी. पाच-दहा मिनिटं, बसवून, कुणीतरी समोर असताना. दाताच्या खुणा कापासारख्या खोल गेल्या की फेकून द्या. गळ्यात दोरीने अडकवलेली नळी घालून झोपू देऊ नका. गालावर, कानापुढच्या स्नायूवर दोन बोटांनी गोल गोल हळू चोळणं, एकेका बाजूला मिनिट-दोन मिनिटं, अनेकांना आवडतं. कच्चं गाजर, फुटाणे, शेंगदाणे ‘जबड्याला काम’ म्हणून देण्याचा सल्ला सरसकट पाळू नका. गिळण्यात अडचण असेल तर ठसका लागून जिवावर बेतू शकतं.

खुर्चीत बसवताना

डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. क्ष-किरणात असं साधारण १० ते २० टक्क्यांत दिसतं, लक्षणं मात्र १ ते २ टक्क्यांतच येतात. म्हणून मान मागे टाकून किंवा छातीकडे दाबून काम नाही. खुर्ची अर्धवटच मागे घ्या, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून डोकं सरळ रेषेत ठेवा, आणि ‘जरा धरा’ म्हणून कुणाला डोकं आवळून धरायला सांगू नका. चालण्यात नव्याने लंगड, मान वाकडी किंवा दुखरी, हातात जोर कमी, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर त्या दिवशी मापसुद्धा घेऊ नका. आधी न्यूरोलॉजिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर. भूल द्यायची असेल तर मानेचा आणि श्वासाचा इतिहास भूलतज्ज्ञाला लेखी कळवा.

हृदयाबद्दल थोडक्यात, कारण इथे गोंधळ होतो. जवळपास निम्म्या मुलांत जन्मजात हृदयदोष असतो, पण गार्डसाठी माप घेणं, गार्ड बसवणं, घासून जुळवणं याला अँटिबायोटिक लागत नाही. दात काढणं किंवा हिरडीखालची सफाई असेल आणि दोष जोखमीच्या गटातला असेल (कृत्रिम झडप, आधी हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग, दुरुस्त न झालेला निळेपणाचा दोष वगैरे), तर ॲमॉक्सिसिलिन किलोमागे ५० मिलीग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, ३० ते ६० मिनिटं आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनकडे वळू नका. २०२१ पासून अमेरिकन हृदयरोग संघटना ते सुचवत नाही. हृदयरोगतज्ज्ञाचं पत्र फाइलला लावून ठेवा.

दुधाचे दात असताना

गार्ड नाही. वाढत्या जबड्याला आणि येणाऱ्या दातांना तो अडथळा होतो. दुधाच्या दातांची झीज बहुतेकदा शिवशिव न होता सोसली जाते, कारण आतली नस मागे सरकत जाते. दाढ दुखत असेल, किंवा झीज नसेजवळ पोचल्याची लालसर छटा दिसत असेल, तर स्टीलची कॅप बसवा. सपाट झिजलेल्या पृष्ठभागावर कंपोझिट (दाताच्या रंगाचा भराव) लावलं तर ते निसटतं, आणि झिर्कोनियाच्या कॅपसाठी दात फार कापावा लागतो. जोरात घासणाऱ्याच्या स्टीलच्या कॅपलाही वरून भोक पडतं, म्हणून दर सहा महिन्यांनी टोकदार प्रोबने पाहा.

गार्ड द्यायचाच तर

आमच्या मते पुढचं सगळं जमत असेल तरच: दुसऱ्या पक्क्या दाढा आलेल्या (वय पाहू नका, या रुग्णांत दात उशिरा येतात, तोंडात पाहा), श्वास तपासून ठीक किंवा उपचाराखाली, फिट्स आटोक्यात, रात्री उलट्या नाहीत, रोज सकाळी गार्ड तपासणारं कुणीतरी घरी आहे, आणि रुग्ण स्वतःच्या हाताने गार्ड काढू शकतो. शेवटच्या अटीवर तडजोड करू नका. घरच्यांना हेही स्पष्ट सांगा की गार्डने दात खाणं थांबत नाही, फक्त दातांऐवजी ॲक्रिलिक झिजतं.

बनावट: खालच्या जबड्याचा, उष्णतेने पक्क्या केलेल्या कडक ॲक्रिलिकचा, शेवटच्या दाढेपर्यंत सगळे दात झाकणारा. सर्वात पातळ जागी दीड ते दोन मिलिमीटर. वरून सपाट, सगळ्या दाढांना सारखा टेकणारा. तारेचे हूक नाहीत. कडा गोल. रंग भडक निळा किंवा हिरवा सांगा, पारदर्शक नको. तुकडा तुटला तर गादीवर, तोंडात, उलटीत लगेच दिसला पाहिजे. हलणाऱ्या दातांभोवती साच्यावर जागा भरून घ्या, नाहीतर गार्ड ओढताना दातही ओढला जातो.

मऊ गार्ड का नको? ३ मिलिमीटरचा पत्रा गरम करून ओढला की दाढांच्या टोकांवर बराच पातळ होतो. दात त्यात रुततात, रुग्णाला चावायला खेळणं मिळतं, आणि फाटून निघतो तो चांगला मोठा तुकडा. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड तर कधीच नाही: ते गिळले किंवा श्वासात ओढले जाऊ शकतात, आणि दाढा वाढून पुढचा चावा उघडा पडतो. गरम पाण्यात टाकून चावून बसवायचे तयार गार्डही सैल बसतात म्हणून नकोत.

माप घेण्याआधी मापाचा रिकामा ट्रे आठवडाभर घरी द्या. आरशासमोर रोज दोनदा तोंडात घालून दहा मोजायचे. प्रत्यक्ष दिवशी रुग्ण ताठ बसलेला, खालचं माप आधी, लवकर बसणारं अल्जिनेट (माप घ्यायचा लगदा), पाणी किंचित कोमट म्हणजे आणखी लवकर बसेल, पण पाण्याचं प्रमाण बदलू नका. ट्रे कमी भरा. वरच्या ट्रेच्या मागच्या कडेला मेणाची पट्टी लावली की अल्जिनेट घशाकडे वाहत नाही. तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर उमासे येणाऱ्यांसाठी तोच बरा.

सवय लावताना पहिले तीन-चार दिवस टीव्हीसमोर दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग एक तास. दोन आठवडे असं जमलं की रात्री. दिल्यावर एका आठवड्याने, एका महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी बोलवा. गार्ड काढल्यावर दाढा पूर्वीसारख्या मिटत नसतील तर वापर थांबवा.

कुठे फुटला त्यावरून का फुटला

शेवटच्या दाढेवर भोक: तिथे चावा आधी टेकतो. कागदाने पाहून घासा, आणि ॲक्रिलिक वाढवायचं तर तोंडाबाहेर, साच्यावर. मधोमध तडा: बसणं नीट नाही म्हणून गार्ड दर चाव्याला वाकतो, किंवा पुढे पातळ आहे, साचा नव्याने घ्या. कडा कुरतडलेल्या: गार्ड रात्री काढून हातात घेऊन चावला जातोय. इथे जाड गार्डने काही होणार नाही, वर दिवसाच्या सवयीबद्दल लिहिलं ते करा. जुन्या दुरुस्तीच्या रेषेवरच पुन्हा तुटला: थंड ॲक्रिलिकचा जोड कमजोर असतो, दुसऱ्यांदा जोडू नका. आणि दीड-दोन महिन्यांत धड बनवलेला कडक गार्डही आरपार गेला, तर पुन्हा श्वासापासून सुरुवात करा.

घरी एक कागद ठेवा, त्यावर गार्डची बाह्यरेषा पेन्सिलने काढलेली. सकाळी गार्ड त्यावर ठेवून पाहायचा. कोपरा कमी दिसला तर तुकडा शोधायचा: तोंड, अंथरूण, कपडे. सापडला नाही आणि खोकला, शिट्टीसारखा श्वास, लाळ गळणं, गिळायला नकार यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा आणि उरलेला गार्ड सोबत न्या. साधं ॲक्रिलिक क्ष-किरणात दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ एवढ्यावर घरी परत येऊ नका. तुकडा नाहीसा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

जे करू नये

‘रात्री शांत झोपेल’ म्हणून डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा झोप आणणारं सर्दीचं औषध देऊ नका. सैल स्नायू आणि अरुंद श्वासमार्गात त्याने ॲप्निया गंभीर होऊ शकतो. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्स देण्याची घाईही नको. ज्याचे स्नायू मुळात सैल आहेत आणि गिळण्याची तक्रार आहे, त्याचं चावणं-गिळणं आणखी दुबळं होऊ शकतं.

दात हलू लागले असतील

इथे दोष फक्त घासण्यावर ढकलू नका. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचा आजार लहान वयात आणि वेगाने येतो, मुळं आखूड असतात, आणि खालचे पुढचे दात आधी जातात. सुजलेल्या हिरडीत घासण्याचा जोर पडला की हलणं वाढतं. म्हणून दर तीन महिन्यांनी सफाई, रोज दोनदा मोठ्या माणसाने ब्रश करून देणं (रुग्ण स्वतः करत असला तरी नंतर एक फेरी), आणि तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश. झिजलेल्या, शिवशिवणाऱ्या दातांनाही त्याचा फायदा होतो. हलणारे दात हिरडीचा उपचार न करता एकमेकांना बांधले तर बांधणीखाली मळ साठून ते आणखी लवकर जातात.

पहिल्याच भेटीत समोरून, दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही जबड्यांच्या आरशातून फोटो काढा, शक्य असेल तर साचेही ठेवा. सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा. दोन्ही फोटोंत फरक नाही, दुखत नाही, श्वासाची तपासणी ठीक आहे, आणि तक्रार फक्त आवाजाची आहे, तर गार्ड देऊ नका. घरच्यांना फोटो शेजारी ठेवून दाखवा, आणि पुढच्या सहा महिन्यांची तारीख द्या.